बारशाआधी गेलेलं बाळ

८ ऑक्टोबर १९६४
"वन्सं, माझं बाळ कुठं असंल आता?" सुंदरावहिनीने विचारलं. मला सांगता येत नाही. घरातली पहिली बी.ए., शाळेत शिकवते — आणि सांगता येत नाही. बारशाला दोन दिवस उरले असताना कर्जतच्या दवाखान्यात ते गेलं. सदूदादाने नदीकाठी पुरलं. तेव्हापासून घरात कोणी विषय काढत नाही.

९ ऑक्टोबर
आई चुलीपाशी हळूच म्हणाली, "त्या सिस्टरनं शेवटी पोराच्या कपाळावर पानी सोडलं. काय तरी पुटपुटली. बाटवलं गं त्याला. सुंदराला बोलू नको."
सिस्टर आग्नेस वसईची, ख्रिस्ती. आमच्याशी नेहमी गोड बोलते. एवढी गोड का, ते आता कळतंय.

११ ऑक्टोबर
दवाखान्यात गेले. "पाणी कसलं होतं?"
"ताप होता. कपाळ पुसलं."
बोलताना बाटल्याच लावत राहिली. खोटं बोलतेय. डॉक्टरांकडे तक्रार करणार. तिची नोकरी गेली तर जाऊ दे.

१२ ऑक्टोबर
पुन्हा गेले. तक्रारीचं ऐकल्यावर तिने मला बाकावर बसवलं. "घातलं पाणी. बाप्तिस्म्याचं. तो न होता गेलेलं मूल लिंबोत राहतं, असं आमच्यात सांगतात. नरकाच्या काठावर. जाळ नाही, दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. मला बघवलं नाही."
"नाव काय ठेवलंत?"
"नाही ठेवलं. ते आत्यानं ठेवायचं ना तुमच्यात?"
खरं, की मला गप्प करायला? आधी विचारलं का नाही आम्हाला? राग गेलेला नाही.

१३ ऑक्टोबर
हेडमास्तरांना लिंबोचा अर्थ विचारला. "अधांतरी. आपल्या शाळेची मंजुरी नाही का, तशी!" हसले. इंग्रजीत सर्रास वापरतात म्हणे. अडकलेल्या फाइलीला आणि आमच्या बाळाला एकच शब्द.
आई विषय का काढू देत नाही? नाव नसलं की लवकर विसरता येतं, म्हणून? आता तिचाही संशय येतो. माझाही.

१५ ऑक्टोबर
वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पानी मी बघितलेलं. बरं वाटलं. कोनी तरी त्याच्याशी बोललं."
तक्रार केली नाही. संध्याकाळी दोघी नदीवर गेलो. मी वाकून मातीशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं — हिरामण. वहिनीने माझ्या पाठीत धपाटा घातला, बारशाला आत्याला घालतात तसा.