आवडलं की नाही आवडलं

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. काम ऐतिहासिक आहे, तपशील विसरायला नकोत. क्लायंट स्वयंपाकघराची कपाटं बनवतो. गिऱ्हाइकाने व्हीआर गॉगल घालायचा, ब्राउझरमध्येच आपलं होणारं स्वयंपाकघर बघायचं आणि समोरच्या फळ्यावरचं बटण दाबायचं. वर ‘आवडलं’, खाली ‘नाही आवडलं’. क्लायंट खूश झाला की टीम लीडची खुर्ची माझी. मिळाली असं बायकोला सांगूनही टाकलंय. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

६ मार्च
बटणांचं साधं वेबपेज गॉगलमध्ये दिसतच नाही! हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मॅडमनी सांगितलं होतं म्हणे. मॅडम म्हणजे आमच्या टेस्टिंगवाल्या. चुका शोधण्याचा पगार घेतात, त्यामुळे त्यांना त्या सापडतातही. खुर्चीवर त्यांचाही डोळा आहे.

८ मार्च. दुपारी
सुटलं! पानाचा फोटो काढून फळ्यावर चिकटवला. फोटोतलं बटण अर्थातच दाबलं जात नाही. म्हणून बोट फोटोवर कुठे टेकलं ते मोजायचं आणि मागे लपवलेल्या खऱ्या पानावर तिथेच दाबायचं. ही युक्ती जगात प्रथम मलाच सुचली असावी. इंटरनेटवर बघितलं नाही, मूड जातो.

११ मार्च
किरकोळ अडचण. बोट वरच्या बटणावर नेलं की रंग खालच्याचा बदलतो. गॉगलच भंगार. रंग बदलणंच काढून टाकलं. प्रश्न मिटला. मॅडम म्हणाल्या, मिटला नाही, दिसेनासा झाला. शब्दांचे खेळ नुसते.

१३ मार्च
पहिली ट्रायल. ऑफिसातले दहा जण, घरी बायको आणि सासूबाई. लाकडी कपाटं, खिडकीतून ऊन, लख्ख ओटा. जो तो वा वा करत होता. सासूबाई तर गॉगल काढेनात, हवेतल्या हवेत ओटा पुसत होत्या.
निकाल: बारापैकी अकरा ‘नाही आवडलं’. एकुलतं एक ‘आवडलं’ अकाउंट्सवाल्याचं, जो तोंडावर फालतू म्हणाला होता. काय एकेक माणसं! नशीब, डेटा खोटं बोलत नाही.
तेरावा मी. वरचंच बटण दाबलं, नोंद ‘नाही आवडलं’. माझ्यातला कलावंत अजून समाधानी नसावा.

१४ मार्च
बायकोशी अबोला धरला. तिने कारण विचारलं. म्हटलं, तुझं तुला माहीत. सासूबाई विचारत होत्या, ते ओट्याचं पुन्हा कधी दाखवणार? या वयात इतका अभिनय!

१८ मार्च
सगळं मोडून नवं केलं. जांभळी कपाटं, आरशासारखी जमीन, ओटा गिऱ्हाइकाभोवती गोल फिरतो. जुनी फाइल डिलीट. मागे वळून बघणारा मी नव्हे.
मॅडम म्हणाल्या, वरचं-खालचं उलटं होतंय का तेवढं बघा. पान वरून खाली मोजतात, थ्रीडीवाले खालून वर. म्हटलं, तुम्ही तुमचं टेस्टिंग बघा. म्हणाल्या, तेच बघतेय.

२० मार्च
दुसरी ट्रायल. एक जण भिंत धरून खाली बसला. बायको म्हणाली, हे काय भलतंच करून ठेवलंयस, डोकं गरगरतंय. सासूबाईंनी पाणी मागितलं.
निकाल: बारापैकी बारा ‘आवडलं’! मनातून सगळे फिदा आहेत. ‘नाही आवडलं’ फक्त माझ्या नावापुढे. नम्रता अंगवळणीच पडलीय. बायकोला माफ केलं. टेबलावर ठेवायला ‘टीम लीड’ अशी पाटी करून घेतली.

२२ मार्च. डेमो
क्लायंटच्या मालकीणबाई स्वतः आल्या. गॉगल घातला. ओट्याने दोन फेऱ्या मारल्या तशी त्यांनी मॅडमचा हात घट्ट धरला. बटण दाबलं. स्क्रीनवर ‘आवडलं’. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. बाई म्हणाल्या, मी खालचं दाबलंय. परत दाबलं. ‘आवडलं’. पाच वेळा दाबलं. मग गॉगल काढून तोंडानेच सांगितलं. ते इथे लिहीत नाही.
मॅडमनी कोडमधली एक ओळ बदलली. जुन्या स्वयंपाकघराची कॉपी त्यांनी ठेवली होती, ती लावली. बाईंनी वरचं दाबलं. ‘आवडलं’. या वेळी टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

२५ मार्च
मॅडम टीम लीड झाल्या. मूळ काम माझं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यामुळे धड रागावताही येईना. पाटी ड्रॉवरमध्ये.
घरी सगळं कबूल केलं. बायको म्हणाली, खुर्ची मिळाली नव्हती ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. सहा दिवस अबोला कशाचा होता, तेवढं सांग. मी पहिल्या ट्रायलचा निकाल पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, पहिलं किती छान होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या शेजारी उभं राहून तीनदा सांगितलं. तुम्ही निकाल बघत होता.