छत्तीस नंबरचा बिल्ला

शनिवार, १४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अक्काचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तुमच्याकडेही सगळे बरे असतील असं धरून चालते. एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या भाऊजींचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त ते.

आधी एक विचारते. तो पास तू पाठवलास का? मंगळवारी पाकीट आलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत आपल्या जुन्या रंगाच्या कारखान्यात भरणाऱ्या फुलांच्या महोत्सवाचा एकच पास. कुठेतरी पाणी मुरतंय असं मला लगेच वाटलं. अक्षर तुझ्या बायकोचं वाटत होतं, पण ती माझ्यासाठी तिकीट चिकटवेल? तुझे भाऊजी म्हणाले, "अगं, फुकट आहे ना? जा, फुलं बघ आणि ये. देवानं डोळे काय फक्त संशय घ्यायला दिलेत?"

आज सकाळी गेले. जिथे गवताची काडी उगवत नव्हती तिथे ताटाएवढे डेलिया! मी वाकून माती हुंगली. बाहेरून आणून चार फूट टाकलीय म्हणे. खाली काय आहे ते आपल्याला ठाऊक. तीन नंबरच्या टाकीच्या जागी तळं केलंय, पोरं बदकांना हाका मारत होती. तिथे मी फार वेळ थांबले नाही.

पण खरी गंमत त्याआधी, गेटवर झाली. बिल्ल्यांचा बोर्ड अजून तिथेच आहे, जिथे मी बावीस वर्षं हजेरी घेत बसले. वाफे जुन्या कामगारांना सांभाळायला दिलेत, ज्याचा त्याचा जुनाच नंबर आणि बिल्ला. आल्यावर आपला पितळी बिल्ला बोर्डावर लावायचा, जाताना काढायचा. महिन्यात चार खाडे झाले की वाफा दुसऱ्याला. जुनी सवय, माझी नजर खुंट्यांवरून फिरली. छत्तीस नंबर लागलेला!

माझा नंबर. मी बाहेर, आणि माझा बिल्ला आत. माझ्या नावावर कोणी वाफा लाटला की काय? मी माळ्याला धरलं. "हा छत्तीस नंबर कोण आहे? बोलवा त्याला."

"तुम्ही कोण?"

"मीच छत्तीस नंबर!"

त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "आलात का," म्हणाला, आणि वाफ्यापाशी घेऊन गेला. गडद लाल डेलिया, काठ्यांना चिंध्यांनी बांधलेले. ती दुहेरी गाठ मी ओळखली. बुटाची नाडी बांधायला मीच तुला शिकवली होती.

"चारशे सतरा नंबरवाले येतात दर शनिवारी सकाळी," माळी सांगत होता. म्हणजे तूच. "दोन्ही बिल्ले लावतात, दोन्ही वाफे करतात. आम्हाला कळतं हो, पण डोळेझाक करतो. विचारलं तर म्हणाले, ती उशिरा येणार आहे, तोवर तिचा मी लावतो. आज जाताना स्वतःचा काढला, तुमचा तसाच ठेवला."

मी तिथेच कठड्यावर बसले. मंगळवारपासून तुझ्या बायकोवर, माळ्यावर, मातीवर संशय घेत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता लिहिते. त्या दिवशी तुझा खाडा पडू नये म्हणून सात वाजता तुझा बिल्ला मी लावला. तू आठ वाजून दहा मिनिटांनी आलास. बिल्ला नसता तर मुकादमानं टाकीवर बदली माणूस उभा केला असता. साडेसातला टाकी उतू गेली आणि शेजारी काम करणाऱ्या मिश्रणवाल्याचे दोन्ही हात भाजले. चौकशीत तू म्हणालास, "मी आत नव्हतो, अक्काला विचारा." साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "बिल्ला लागलाय म्हणजे माणूस आत." तू माझ्याकडे बघत होतास.

मला नोकरी जाण्याची भीती वाटली. यापेक्षा बरं कारण एकोणीस वर्षं शोधलं, सापडलं नाही. टाकीवर झोपला असा शेरा मारून त्यांनी तुला काढलं, आणि मी मूग गिळून कारखाना बंद होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसले. तू माझ्याशी बोलायचं सोडलंस तर लोकांना सांगत फिरले, भावाला बायकोनं फितवलं. तिची माफी मला समोर बसून मागायचीय.

हे सगळं मी आज माळ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मला कशाला सांगता?" बरोबर आहे त्याचं. म्हणून तुला लिहिते. मिश्रणवाल्याचा पत्ता असेल तर कळव. त्यालाही लिहायचंय.

निघताना माझा बिल्ला मी काढून घेतला, आत्ता समोर टेबलावर आहे. पुढच्या शनिवारी सात वाजता तो माझ्या हातानं लावीन. तुझा मात्र लावणार नाही. तू येईपर्यंत गेटवर उभी राहीन, आणि कोणी विचारलं तर सांगेन, माझा भाऊ अजून आत आलेला नाही.

एकोणीस वर्षं उशिरा हजर,
तुझी अक्का