परत न आलेले रुमाल

३ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

खोकल्याचं औषध संपलं असेल तर नवं आण, रिकाम्या बाटलीत पाणी घालून पुरवू नकोस. मी मजेत आहे, निदान महिनाअखेरपर्यंत तरी.

झालंय असं, की भेटवस्तूंच्या दुकानात दिवसभर चकचकीत कागद कापून आणि चिकटपट्ट्या दातांनी तोडून मला वैताग आला होता. तो कागद घरी पोचताच कचऱ्यात जातो. जपानमध्ये म्हणे वस्तू चौकोनी रुमालात बांधून देतात आणि तोच रुमाल पुन्हा पुन्हा वापरतात. फुरोशिकी म्हणतात त्याला. मी मालकीणबाईंच्या मागेच लागले. शेवटी त्यांनी कोपऱ्यातलं एक टेबल दिलं, पण महिनाभरच. रुमाल गिऱ्हाइकांकडून परत यायला हवेत. नाही आले तर टेबल बंद आणि मी पुन्हा कागदावर. तुझ्या शिलाईच्या दुकानात उरलेली कापडं पाठवशील? तेवढ्या कडा दुमडून दे.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी खार

७ जून

चि. खारीस,
अ. उ. आ.

अगं, म्हणजे गाठोडंच की! त्याला एवढ्या लांबचं नाव कशाला?

तीस रुमाल पाठवले आहेत. पडद्यांचे तुकडे आहेत, एका गवयाच्या कोटाचं अस्तरही आहे. कडांना हातशिलाई घातली आणि चारी कोपऱ्यांवर एकेक पान भरलं. राहवलं नाही. अस्तराची गाठ सुळकन सुटते, तेव्हा दोनदा बांध.

तुझा मामा

१९ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तीसपैकी दोनच रुमाल परत आले. मी तिघांना फोन केले. एकीने तो टीपॉयवर अंथरलाय, एक आजोबा त्यात डबा बांधून नेतात आणि तिसरीने तर गळ्यात घालून फोटोच पाठवला. चूक तुझी आहे! इतकं देखणं काम केल्यावर परत कोण देणार? मालकीणबाई टेबलाकडे बघत नुसता चष्मा पुसतात.

पुढचे जरा वाईट शिवशील का? लिहिताना लाज वाटते आहे. पण मामा, या दुकानात पहिल्यांदाच काहीतरी माझं आहे. ते गेलं तर फार जिवाला लागेल.

तुझी खार

२३ जून

चि. खारीस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर रुसून होतो. वाईट शिव म्हणे! वीस रुमाल पाठवतो आहे. पानं चाराऐवजी दोनच कोपऱ्यांवर आहेत. याहून वाईट काम मला येत नाही.

तुझा मामा

१ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल महिना संपला. परत आलेले रुमाल एकूण सहा. मालकीणबाईंनी आत बोलावलं तेव्हा टेबल गेलंच असं धरून मी गेले. बघते तर त्यांच्यासमोर त्यांच्या बहिणीने पाठवलेली भेट, तुझ्या रुमालात बांधलेली! ही बहीण आमच्या दुकानात कधी आलेली नाही. तिला तो शेजारणीने दिला होता, शेजारणीला तिच्या विद्यार्थिनीने. रुमाल परत येत नव्हते, कारण ते पुढे चालले होते.

मी म्हटलं, हा तरी जमा करून घेऊ. तर बाईंनी तो चटकन घडी करून पर्समध्ये टाकला. त्यांना म्हणे सुनेला त्यातून काही द्यायचं आहे. टेबल राहिलं, मामा! आणि रुमाल परत मागायचे नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं.

सोबत तुला एक गाठोडं पाठवते आहे.

तुझी खार

६ जुलै

चि. खारीस,
अ. उ. आ.

पायमोजे मिळाले, मापाचे आहेत. रुमाल माझाच, चार पानांचा. आता त्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग आहे.

चाळीस वर्षं शिवतो आहे. माझं शिवलेलं माझ्याकडे परत आलं ते सैल करायला, आवळायला, नाहीतर तक्रार घेऊन. भेट होऊन आलेलं हे पहिलंच. खोटं कशाला सांगू, रडलो थोडा.

तो पुढे द्यायला हवा, हे मला कळतं. समोरच्या न्हाव्याला मुलगी झाली आहे, तिच्या झबल्यासोबत देईन. पण आठ दिवस तरी माझ्याकडे राहू दे.

माया आहेच, तिला पत्राची वाट बघायला लावू नकोस.
तुझा मामा