आक्काची भावजय

प्रिय आक्का,

लिहायचं टाळत आलो. पंचमीला लिहीन म्हटलं, मग पोळ्याला, मग पितरांच्या पंधरवड्यात. आता हस्त लागला, रब्बीची पेरणी दारात आली, तेव्हा कुठं बसलोय. अक्षर तुला माहीतच आहे. गावात शाळा म्हणून होता त्या मदरशातले मौलवी म्हणायचे, किसन, तुझ्या ओळी तुझ्यासारख्याच, सरळ घरी म्हणून जात नाहीत.

आजच का लिहितोय? दुपारी तुझ्या बियाण्याच्या कणगीला पुन्हा भोक सापडलं. हात घातला तर उंदरांनी अर्धी जवारी कोरून ठेवलेली. शेणानं भोक लिंपलं आणि कणगीला पाठ लावून बसलो. लई थकलोय आक्का. बडगा घेऊन एका जागी बसणं माझ्यानं कधी झालंय का? माझं काम चालणं.

पण उठवत नाही. लग्नात चकलांब्याहून ओटीत बांधून आणलेलं बी तू वाढवत वाढवत इथवर आणलंस. आपलं तिथलं घर राहिलं नाही, वावर राहिलं नाही. माहेर म्हणून जे काही उरलंय ते या कणगीत आहे, आणि तेही यंदा पेरलं नाही तर संपलं.

तुला आठवतं, मी एकदा जालन्याच्या गाडीवानांबरोबर फिरून आलो होतो? कडब्याच्या गंजीतून कासऱ्याएवढी लांब धामण निघाली आणि मी बाजेवर चढलो. तू भाकरी थापता थापता हसत होतीस.

"उतर खाली. वहिनी हाय तुझी."

"माझी? ती कशी काय?"

"पंचमीला आमी बायका नागाला भाऊ म्हणतो का न्हाई? धामण त्याची बायको. मंग माझी भावजयच झाली की. तू तर बायको आणीत न्हाईस, तवा मी हिच्यावरच भागवते. उंदरं खाती, कणगी राखती. आन तुझ्यापरीस बरी, घरी तरी ऱ्हाती."

मी चिडलो होतो तेव्हा. आता कुणी तसं बोलावं म्हणून कान तरसतात.

पुढचं मला शेजारच्या कौसाबाईनं सांगितलं. म्हशीचं दूध कमी झालं, आणि दाजींनी ठरवूनच टाकलं की धामण पायाला विळखा घालून पिती. तू म्हणालीस, म्हस गाभण हाय, आटणारच. दाजी म्हणाले, तुला काय कळतंय. गंजीपाशीच त्यांनी तिला ठेचली आणि कातडं पाटोद्याच्या बाजारात देऊन आले.

नागाला भाऊ म्हणून दूध ठेवायचं आणि त्याच्या बायकोला दूध प्याली म्हणून मारायचं. कसली गं ही सोयरीक?

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाजारात कातडं घेतात हे गावाला कळलं. मग ज्याच्या त्याच्या बांधावर काठ्या. मी जालन्याच्या रस्त्याला अशा गाड्या पाहिल्यात. घोरपडीची, कोल्ह्याची, सापांची कातडी, वर मीठ, वर माश्या. एका गाडीवानाकडं तर बोलका पोपट होता, तो सगळ्यांना आदाब करायचा... जाऊ दे, मी कुठं निघालो.

त्या हिवाळ्यात शिवारात उंदीर झाले. उभ्या ताटांवर चढून कणसं कातरायचे. दाजींनी उंदरांचं विष म्हणून सोमल आणला, पिठात कालवून बांधाबांधानं टाकला. उंदीर मेले थोडे. ते मेलेले उंदीर खाऊन लिंबावरची पिंगळ्यांची जोडी मेली. कौसाबाई म्हणते, तू दोन्ही पाखरं पदरात घेऊन दाजींसमोर ठेवलीस आणि एवढंच म्हणालीस, "आता रातचा पहारा कोन करंल?"

मग तू म्हणाली होतीस तशी म्हैस व्याली. दाजी गोठ्यात गेले, रेडकू बघितलं, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

फाल्गुनात तुला ताप भरला. निरोप का धाडला नाहीस? मी काही काशीला नव्हतो गेलो, तिकडं गेवराईच्या बाजारात बसून कुणाच्या तरी बैलांचे दात मोजत होतो. आलो तेव्हा चूल थंड होती आणि उंदीर दिवसाढवळ्या चुलीवर बसले होते.

दाजी घरात राहीनात. पालीला भावाकडं निघाले, तेव्हा मी आडवा गेलो.

"दाजी, यंदा पेरायचं न्हाई का?"

"जिचं बी होतं ती गेली."

"उंदरं खातील समदं."

"खाऊ दे. तुला लईच पुळका असंल तर तूच ऱ्हाय बे. चार दिस एका जागी बसून दाखव आधी."

म्हणून बसलोय. कौसाबाईचं मांजर आणलं. ते एक उंदीर खातं आणि कणगीवर झोपतं. आमचं दोघांचं चांगलं जमतं, पण राखण होत नाही. काल कौसाबाईच म्हणाली, सोमल टाक की थोडा. मी नाही म्हणालो. तुझा पदर डोळ्यांपुढं आला, बस्स.

कधी कधी राग येतो तुझा. तुला सगळ्यांचं नातं माहीत होतं, कोण कुणाची वहिनी, कोण कुणाचा पहारेकरी. जाताना ते सगळं माझ्या एकट्याच्या गळ्यात का टाकलंस? मी साधी वाट धड धरू शकत नाही.

तरी ऐक. कणगीत आता पाभरीच्या मोजक्याच ओळींपुरतं बी असेल. तेवढं मी पेरणार. ते उगवून, कणसात भरून, पुन्हा कणगीत पडेपर्यंत माझा पाय या शिवाराबाहेर जाणार नाही. माझ्या शब्दावर तू कधी विश्वास ठेवला नाहीस, पण या एकावर ठेव.

थांब, अंगणात कुणीतरी आलंय.

आक्का, दाजी आहेत. पालीहून पायी आलेत, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. काखेत घागर, घागरीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. मी विचारलं, काय आणलं? घागर हळूच जमिनीवर ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "बिंदुसरेच्या काठी घावली. तिची भावजय हाय. सोड गंजीत." घागर आतून हलतेय, आणि दाजींच्या हातांना फडक्याची गाठ सुटत नाही. ती सोडायला उठतो.

तुझा किसन
सध्या घरीच