झाडलेलं अंगण

प्रिय चिमणे,

सोमवारी सकाळी मी बालवाडीचं अंगण लख्ख झाडलं. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं झाडं पार बोडकी झाली होती, होती नव्हती ती पानं खाली. तोंडानं देवाचं नाव घेत मी ती सगळी खताच्या खड्ड्यात ढकलली, वर माती आणि पाणी टाकलं. हात धुतो न धुतो तोच नव्या बाई मुलांची रांग घेऊन बाहेर आल्या. प्रत्येकाच्या हातात रिकामी टोपली.

पानगळीचा आठवडा होता, पोरी, मुलांनी अंगणातली पानं वेचायचा. इतकी वर्षं त्या बालवाडीत शिकवणारी तुझी आई आदल्या दिवशी मला बजावायची, "अहो, उद्या झाडूला सुट्टी. हात लावलात तर जेवण तुमचं तुम्ही करा." ती जाऊन सहा महिने झाले. यंदा सांगणारं कुणी नव्हतं, आणि मला माळ्याला ते स्वतःहून सुचलं नाही. एक चार वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माळीकाका, सगळी तुम्ही एकट्यानंच घेतली?"

घरी कपाटात तो पानांचा पत्र्याचा डबा होता. मागच्या वर्षी आजारपणात तिला बालवाडीत जाता येईना, म्हणून मी पानं आणून द्यायचो आणि ती खिडकीशी बसून एकेक पान वर्तमानपत्रात दाबून ठेवायची. हे किडकं, ते फाटकं. म्हणायची, "नवरा बघताना एवढी पारख केली नव्हती." ती गेल्यावर तू फोनवर म्हणालीस, "बाबा, डब्याला हात लावू नका. तिचा हात लागलेलं तेवढंच उरलंय. मी आले की नेईन." मी बरं म्हणालो होतो.

तीन दिवस डबा मांडीवर घेऊन बसलो. देवापुढेही ठेवून पाहिला. मुलं कागदाखाली पान ठेवून वरून खडू घासतात, शिरा उमटल्या की हसतात आणि मग ते पान मुठीत चुरून आवाज ऐकतात. हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं, आणि तिनं ती त्याच्यासाठीच ठेवली होती.

तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मी तुझं ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही. आज सकाळी डबा उघडून मुलांच्या मधोमध ठेवला. दुपारपर्यंत त्यातलं एकही पान अख्खं राहिलं नाही.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा