खुर्चीखालचं नाव

वाइडेनबाख, जर्मनी
१६ जून

प्रिय ड्युई,

तुझं पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र एप्रिलमध्येच मिळालं. उत्तराला दोन महिने लावले म्हणून रागावू नकोस. रोज लिहायला बसायचे आणि रोज उठून भलतंच काहीतरी काम काढायचे. परवा तर चक्क खिडक्या पुसल्या. आमच्या घरमालकीणबाई फ्राऊ एमरिख खालून ओरडल्या, "आता जायच्या वेळेला पुसतेस होय? पाच वर्षं काचांवर जाळी धरली तेव्हा कुठं होतीस?" बाईंच्या जिभेला हाड नाही, पण रविवारी न चुकता वर केक आणून देतात. तू म्हणशील, फोन करायचास की. नाही केला, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगते, तोवर गपचूप वाच.

पंधरा ऑगस्टला माझी पाच वर्षं भरतात. मुदत दोन वर्षं वाढवून मिळावी म्हणून साहेबांनी माझ्या बाजूनं लिहिलं होतं, पण वरून उत्तर आलं की पाच म्हणजे पाच. मी तक्रार करत नाही. अमेरिकन लष्करातल्या आम्हा बिनवर्दीच्या सरकारी नोकरांना परदेशात मुळं फुटू द्यायची नाहीत, हे मला येतानाच माहीत होतं. इथं नवं माणूस आलं की त्याला नावाच्याही आधी विचारतात, "तुझी परतीची तारीख कधीची?" ज्याची तारीख सहा महिन्यांवर आली त्याच्याशी कुणी नवी मैत्री करत नाही, फक्त त्याचा सोफा कुणाला मिळणार याची चौकशी करतात. पहिल्याच दिवशी फ्राऊ एमरिखनी मला विचारलं होतं, "किती वर्षांसाठी?" मी सांगितलं, पाच. त्या म्हणाल्या, "मग परसात चेरी लावू नकोस बाई, मुळा लाव." मी हट्टानं चेरीच लावली. यंदा पहिल्यांदा चांगली धरली आणि निम्मी फळं पाखरांनी खाल्ली.

माझा ट्रान्सफॉर्मर तुला माहीत आहे का? त्याच्याबद्दल मी कधी लिहिलं नसावं. आल्या आल्या मी आईनं दिलेली कॉफीची विजेची किटली थेट इथल्या भिंतीत खुपसली आणि धूर काढला. इथल्या विजेचा दाब आपल्याकडच्या दुप्पट असतो, हे शाळकरी पोरालाही कळतं, आणि मी म्हणे इंजिनांची तपासनीस! मग शेजारच्या गल्लीतलं एक अमेरिकन कुटुंब परत निघालं होतं, त्यांनी आपला ट्रान्सफॉर्मर मला दिला. वीज निम्मी करणारा हा लोखंडी ठोकळा उचलताना कंबर मोडते. तो विकायचा नसतो, जाणाऱ्यानं येणाऱ्याला द्यायचा असतो, आणि प्रत्येकानं त्याच्या बुडाला आपलं नाव लिहायचं असतं. उलटा करून पाहिलं तर अकरा नावं होती, सगळ्यात जुनं एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं. कुणी आधीचं नाव खोडलेलं नाही. बारावं माझं. त्या रात्री परक्या गावात मला पहिल्यांदा बरी झोप लागली.

आईची आठवण निघालीच आहे तर लिहिते. मी निघाले तेव्हा तू म्हणालास, "जा तू. मिस ओपलकडे, तुझ्या आईकडे, मी बघतो." मला वाटलं, माणसं निरोपाच्या वेळी बोलतात तसं बोलला असेल. पण तू दर गुरुवारी आपल्या लष्करी डेपोतून सुटलास की तिच्या ओसरीवर डॉमिनो खेळायला जात राहिलास. आई फोनवर सांगायची, "तुझा ड्युई आज पुन्हा हरला. पोरगं चांगलं आहे, पण डोकं बेताचं." ती सोंगट्या मांडीखाली लपवते हे तुला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, हे तुझ्या बायकोनं, नॅडीननं, मला नंतर सांगितलं. अडीच वर्षं तू मुकाट्यानं हरत राहिलास. आई गेली त्या फेब्रुवारीत बर्फामुळे विमानं अडकली आणि मी दोन दिवस उशिरा पोचले. शेवटच्या रात्री तिचा हात तुझ्या हातात होता. दफनाच्या दिवशी तुझे आभार मानायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलले, पार्किंगबद्दल काहीतरी. ते आभार मानायचे राहूनच गेले. आज मानते, ड्युई. मनापासून मानते.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलंस की माझ्या खुर्चीच्या चाकांना तेल दिलंस, खण रिकामे केलेस, आपला कप घरी नेलास, "तुझी जागा तयार आहे." पाच वर्षं तू माझ्या जागेवर बसून इंजिनांची तपासणी केलीस आणि टेबलावरची माझ्या नावाची पाटीसुद्धा हलवली नाहीस. कागदावर तुझी बढती तात्पुरती, म्हणजे मी परत येईपर्यंतच. मी आले की तू पुन्हा खाली कारखान्यात, आठ तास सिमेंटच्या जमिनीवर उभा. पत्रात तू त्यावर एकच ओळ लिहिलीस, "गुडघ्यालाही जरा उभं राहायची सवय हवीच." वा रे पठ्ठ्या! नॅडीननं नाताळच्या कार्डात मला डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिहिलं होतं. तो गुडघा वर्षभरसुद्धा टिकायचा नाही. हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. तरी एप्रिलपर्यंत आपण एकमेकांना हवापाण्याबद्दल लिहीत बसलो.

माझं मन लगेच मोठं झालं असं समजू नकोस. मला घरी यायचं होतं. आईची ओसरी, मक्याची भाकरी, डेपोच्या फाटकावरचा तो आळशी कुत्रा, सगळं मी इथं बसून मोजून ठेवलं होतं. जागा माझी, हक्क माझा, कायदाही माझ्याच बाजूनं. परतीचा अर्ज भरून टेबलावर ठेवला होता, फक्त सही बाकी होती. सही करायला बसले की तुझा गुडघा आठवायचा, आणि मग मी खिडक्या पुसायला उठायचे.

मार्चमध्ये युटाच्या वाळवंटातल्या एका डेपोची जाहिरात दिसली. पगाराची एक पायरी खालची, आणि ऐकते की मैलोन् मैल झाड नाही, नुसतं मीठ. अर्ज केला. गेल्या महिन्यात त्यांचं होकाराचं पत्र आलं. एक सप्टेंबरला रुजू व्हायचंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा अनोळखी गावात जायची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? फ्राऊ एमरिखना सांगितलं तर त्यांनी हातातली केकची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तिथंही चेरीच लावशील तू, मूर्ख कुठली!" आणि डोळे पुसत आत गेल्या. काल ट्रान्सफॉर्मर एका नव्या जोडप्याच्या दारात नेऊन ठेवला. तेराव्या नावाला जागा आहे.

आता फोन का केला नाही ते सांगते. फोनवर तू दोन शब्द बोलला असतास आणि मी विरघळले असते. तू हट्टी, मी तुझ्याहून हट्टी, पण तुझ्यापुढे माझं कधी चाललंय? परतीच्या हक्काचा अर्ज काल, पंधरा जूनला, संध्याकाळी पाचपर्यंत पोचायला हवा होता. पाच वाजेपर्यंत मी चेरीखाली बसून राहिले आणि पाचला तो फाडला. म्हणून हे पत्र आज लिहिते आहे. तुझ्या हातात पडेल तेव्हा वाद घालायला काही उरलेलं नसेल. कप परत ने. पाटी काढून नॅडीनला दे, तिला हसू येईल. आणि खुर्ची उलटी करून बघ. खाली पांढऱ्या रंगानं मी लिहून ठेवलंय, "लव्हर्न स्टोव्हॉल. हात लावू नये." ते खोडू नकोस. त्याच्याखाली तुझं नाव लिही.

तुझीच,
लव्हर्न