दोन चाकांचा रोलर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामाला लागले. शेलूबाजारच्या रस्त्यावर तौकीरसेठनी गाड्यांची ताकद मोजायचं केंद्र उघडलं आहे. जमिनीत रोलर बसवलेत. गाडीची मागची चाकं त्यावर चढवायची, मागून साखळी बांधायची आणि पळवायची. गाडी जागच्या जागी धावते. मी आकडे लिहिते. माझ्या खोलीची खिडकी बरोबर गाडीच्या मागे. साखळी ओढणाऱ्या मोटरचं बटणही माझ्याच टेबलावर. दाबून धरलंय तोवर ओढते, सोडलं की साखळी ढिली.

जमशेदमिस्त्री म्हणाले, भाभीच्या हातात बटण दिलं, आता गाडी मंगरूळपीरलेच जाऊन थांबते. सगळे हसले. मीही हसले. माझा नवरा एजाज गेल्यापासून चार वर्षांत आज पहिल्यांदा डबा भरला, तोही स्वतःसाठी. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

जमशेदभाईंना एक खोड आहे. गाडी रोलरवर असली की ते समोर, भिंतीकडे पाठ करून उभे राहतात आणि बोनेटवर तळहात टेकवतात. इंजिनाचं दुखणं हाताला कळतं म्हणे. इथे येणाऱ्या जीपना ताकद मागच्या चाकांतच, पुढची नुसती टेकलेली असतात, म्हणून आजवर खपलं.

आज मानोऱ्याच्या उकंडरावांची काळी गाडी आली. ती चारही चाकांनी ओढते. यंत्राचं हिंदी पुस्तक कुणी उघडलंही नव्हतं. मी वाचून काढलं. मला शाळा नाही. एजाजच्या जीपमध्ये पुढे बसून रस्त्यावरच्या पाट्यांवरून वाचायला शिकले. पुस्तकात लिहिलंय की अशी गाडी या रोलरवर घेऊ नये, पुढची चाकं तिला बाहेर काढतात. जमशेदभाईंना दाखवलं. ते म्हणाले, तुमी आकडे लिवा, गाड्या आमाले कळतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जमशेदभाईंनी काळी गाडी रोलरवर घेतलीच. गाडी उसळून फूटभर पुढे गेली. मी बटण दाबलं, म्हणून जमशेदभाई वाचले. शुक्रिया नाहीच. उकंडरावांसमोर इज्जत गेली, काहून दाबलं, म्हणून खेकसले. उकंडराव गाडी इथेच टाकून गेले. कधी नेता, विचारलं तर किल्ली माझ्या टेबलावर टाकून निघाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

जमशेदभाईंनी काळ्या गाडीच्या पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट काढून कोपऱ्यात ठेवला. आता ती चाकं आपणहून फिरूच शकत नाहीत. गाडी रोलरवरच, साखळी बांधलेली पण ढिली. इंजिन बंद. किल्ली माझ्याकडे. तरी जेवणानंतर गाडी वीतभर पुढे होती. मी चाकापुढे खडूने रेघ मारली. चार वाजता रेघ चाकाखाली गेली होती.

सांगितलं. जमशेदभाई तौकीरसेठसमोर म्हणाले, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरून राह्यलं. तौकीरसेठनी हिशोबाची वही पुढे ओढली. मी आकडे लिहीत राहिले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळचे अकरा. गाडी हलत नाही हे मला दाखवायला म्हणून जमशेदभाईंनी बोनेटवर हात ठेवला. इंजिन बंद होतं. पुढची चाकं फिरली. ते गाडी आणि भिंतीच्या मध्ये दाबले गेले.

बटण डाव्या हाताने धरून आहे. साखळीने गाडी हातभर मागे आली, तसे ते खाली पडले. पाय मोडलाय, सरकता येत नाही. भाभी सोडू नका, म्हणतात. इथे आम्ही दोघंच. तौकीरसेठना फोन केला, जऊळक्याला आहेत, अर्धा तास म्हणाले. उजवा हात मोकळा, म्हणून लिहिते आहे.

अकरा दहा. मोटर तापली. बोट जरा ढिलं पडलं तर लगेच त्यांच्याकडे झेपावली. परत ओढली. ते आता ओरडत नाहीत. लेकीला हाका मारतात — अफ्रीन, अफ्रीन —

अकरा वीस. गाडीचा जोर थांबला. एकदम. मागे येते आहे. साखळी गोळा होते — रोलरवरून मागे आली —

माझ्या खिडकीकडे. मीच ओढते आहे तिला.

सोडलं तर त्यांच्यावर जाते. धरलं तर —

जमशेदभाई म्हणतात, भाभी, सोडा, पळा. आता म्हणतात.

नाही सोडत. तौकीरसेठ येईपर्यंत — दिवा लागला मागचा — काच —

दोन्ही हातांनी धरावं लागे—